वहीत तिष्ठत बसलेले शब्द

प्रश्न : मी जिल्हा परिषदेच्या शाळेतून निवृत्त झालेली शिक्षिका आहे. वय ६४. पाचवीत एबीसीडी गिरवली, बाकी सगळं शिक्षण मराठीतून. नातू नववीत आहे, पुण्यात इंग्रजी माध्यमात. सुट्टीत आला की आम्ही स्क्रॅबल, म्हणजे अक्षरांच्या टाइल्स बोर्डावर लावून इंग्रजी शब्द जुळवायचा खेळ, खेळतो आणि एरवी फोनवर ते मधमाशीच्या पोळ्यासारखं सात अक्षरांचं कोडं मिळून सोडवतो. स्क्रॅबलमध्ये मी दर वेळी हरते. म्हणून दोन वर्षांपासून एका दोनशे पानी वहीत लांबलचक इंग्रजी शब्द उतरवून पाठ करते आहे. 'अँटिडिसएस्टॅब्लिशमेंटेरियनिझम' मला स्पेलिंगसकट तोंडपाठ आहे! पण त्या वहीतला एकही शब्द आजवर बोर्डावर उतरला नाही. नातू म्हणतो, "आजी, रूट्स शीक." जावई म्हणतात, "मराठी माध्यमवाल्यांनी या वयात कशाला हा खटाटोप!" रूट्स शिकायची म्हणजे नेमकं काय करायचं? की वही रद्दीत घालू?
– वहीवाली आजी, कराड

उत्तर : बाई, नमस्कार. (शिक्षिकेला 'आजी' म्हणायला माझी जीभ वळत नाही, आमच्या शाळेत सगळ्या 'बाई'च होत्या.)

वही रद्दीत घालू नका. तिची मांडणी तेवढी चुकली आहे. तुम्ही शब्द लांबीने गोळा केलेत, म्हणजे लग्नात पाहुण्यांना नात्याप्रमाणे बसवण्याऐवजी उंचीप्रमाणे बसवावं तसं झालं.

ते शब्द बोर्डावर का उतरले नाहीत, याचं कारण तुमचं माध्यम नाही, साधा हिशोब आहे. स्क्रॅबलच्या बोर्डावर एका ओळीत १५ घरं. तुमचा लाडका शब्द २८ अक्षरांचा. तो मांडायचा तर टाइल्स बोर्डावरून उतरून टेबलावर, तिथून स्वयंपाकघराच्या दिशेने जातील. तुमच्या वहीत बहुधा तो ४५ अक्षरी फुप्फुसाच्या रोगाचा शब्दही असेल, 'न्यूमोनोअल्ट्रा…' वगैरे. तो बरोबर तीन बोर्ड खाईल. आणि तो काही डॉक्टरांच्या गरजेतून जन्मलेला नाही. अमेरिकेतल्या कोडेप्रेमींच्या संघटनेच्या अध्यक्षांनी १९३५ च्या सुमारास मुद्दाम लांबी वाढवण्यासाठी घडवलेला तो डबेजोड शब्द आहे. अशा शब्दांवर दोन वर्षं घालवलीत याचं मला वाईट वाटतं, पण तुमचा २८ अक्षरी शब्द मात्र वाया गेलेला नाही. तो फोडू या. तुम्ही वर्गात समासाचा विग्रह करून दाखवत असाल, तसाच.

अँटी, डिस, एस्टॅब्लिश, मेंट, एरियन, इझम. सहा तुकडे. इंग्लंडात चर्चला राजमान्यता होती, म्हणजे ते सरकारी धर्मपीठ म्हणून 'एस्टॅब्लिश' केलेलं होतं. ही मान्यता काढून घ्या म्हणणारे निघाले, ते 'डिस'वाले. आयर्लंडमध्ये तर १८६९ च्या कायद्याने ती काढलीही गेली. आणि काढू नका म्हणणारे ते 'अँटी'. अर्थ संपला. बाकीचे तुकडे आपल्या 'पणा', 'वादी', 'वाद' यांच्यासारखे मागे लागलेले डबे. इंजिन एकच : एस्टॅब्लिश. त्यातला सुरुवातीचा ई फ्रेंचांनी चिकटवला. 'स्ट'ने सुरू होणारा शब्द त्यांच्या जिभेला जड जायचा, म्हणून पुढे एक स्वर. आपल्याकडे जुनी माणसं 'इस्कूल' म्हणत, तोच प्रकार. तो ई काढला की उरतं लॅटिन 'स्टॅबिलिस', म्हणजे स्थिर, आणि त्याच्या पोटात 'स्टा', म्हणजे उभं राहणं.

बाई, आता हे मोठ्याने म्हणून बघा : स्टा. स्था.

अठ्ठावीस आकडा आणि उभं राहणं यांचा संबंध कराडच्या माणसाला मी काय सांगणार, पंढरपूर तुमच्यापासून फार लांब नाही. पण सांगायचं हे, की तुम्ही दोन वर्षं जो शब्द परका म्हणून घोकत होता, त्याच्या मुळाशी आपल्या 'स्था' धातूचा भाऊच आहे. तुमचा नातू ज्याला रूट म्हणतो तो हाच. रूट म्हणजे धातू. ठाणं, ठेवणं, उठणं, अगदी पाठवणं हे सगळे या एका 'स्था'चे वंशज, हे तुम्ही मुलांना शिकवलंही असेल. संस्था, अवस्था, व्यवस्था, आस्था ही थोरली पाती. निष्ठा आणि प्रतिष्ठा यांच्यात आधीच्या 'इ'मुळे स्थचा ष्ठ झाला. म्हणजे घरातसुद्धा हा धातू चेहरे बदलतो आणि तरी आपण त्याला ओळखतो. लॅटिनमध्येही तो असाच चेहरे बदलतो. स्टा, स्टॅट, स्टॅन्ट, स्टिट, सिस्ट, स्टिन. स्टेशन, स्टॅच्यू, डिस्टन्स, कॉन्स्टिट्यूशन, सब्स्टिट्यूट, रेझिस्ट, ऑब्स्टिनेट, डेस्टिनेशन : सगळे एका घरचे. 'कॉस्ट'सुद्धा, म्हणजे माल कितीला 'उभा' आहे ते. बाळंतपणाच्या वैद्यकाला 'ऑब्स्टेट्रिक्स' म्हणतात, कारण सुईण ही बाळंतिणीच्या समोर उभी राहणारी. आणि माझा सर्वात आवडता : 'सर्कमस्टन्स'. 'सर्कम' म्हणजे सभोवार, 'स्टन्स' म्हणजे उभं असणं. परि अधिक स्थिती. परिस्थिती! तुकड्याला तुकडा जुळतो. हा बारा अक्षरी शब्द तुम्हाला पाठ करावा लागणार नाही, तो तुम्ही पाचवीच्या आधीपासून बोलता आहात.

हे जुळतं ते योगायोगाने नव्हे. विल्यम जोन्स या कलकत्त्याच्या न्यायाधीशाने २ फेब्रुवारी १७८६ रोजी एशियाटिक सोसायटीपुढच्या भाषणात मांडलं, की संस्कृत, ग्रीक आणि लॅटिन या एकाच मुळातून निघाल्या असाव्यात आणि ते मूळ कदाचित आता उरलेलं नाही. म्हणजे या भाषा एकमेकींच्या बहिणी. आपल्याकडे मोबाइलवर फिरणारे संदेश मात्र संस्कृतला सगळ्यांची आई करून टाकतात. ते पुढे पाठवू नका. आणि कानाला सारखं लागतं ते सगळं नात्यातलंच, असंही समजू नका. 'बदनाम' शब्द घ्या. त्यातलं 'नाम' आणि इंग्रजी 'नेम' खरोखर सख्खे, पण त्यातलं 'बद' आणि इंग्रजी 'बॅड' यांचा काडीचाही संबंध नाही. एकाच शब्दात अर्धं नातं आणि अर्धा योगायोग.

आता याचा खेळात उपयोग काय, ते माझ्याच फजितीवरून सांगतो. बोर्डावर समोरच्याने 'पर्सिस्ट' लावला होता. माझ्या रॅकवर ए, एन, टी होते आणि शब्दाच्या पुढे तीन घरं मोकळी, तिसरं घर लाल ट्रिपल वर्डचं, म्हणजे शब्दाचे गुण तिप्पट करणारं. मी ऐटीत 'पर्सिस्टंट' केला. समोरच्या काकूंनी चष्मा वर करून शांतपणे चॅलेंज केलं. शब्द बाद, टाइल्स परत, पाळी गेली. कारण तिथे ए नाही, ई लागतो. मग मी म्हणालो, 'कॉन्स्टंट'ला तर ए आहे! त्या म्हणाल्या, "मग कॉन्स्टंट लावायचा होतास."

हे कोडं मला पुढे सुटलं ते शाळेतल्या संस्कृतमुळे. 'स्था'चं वर्तमानकाळी रूप 'तिष्ठति'. धातूची द्विरुक्ती होऊन सुरुवातीला 'ति' लागतो. लॅटिनमध्ये हेच घडलं आणि 'स्टा'च्या शेजारी 'सिस्ट' तयार झाला. सिस्ट म्हणजे तिष्ठ. आपण बस स्टँडवर तिष्ठत उभे राहतो, तेच ते. तर नियम असा : स्पेलिंगमध्ये 'स्टा' दिसला की शेपटीला ए. कॉन्स्टंट, डिस्टंट, इन्स्टंट, तसेच डिस्टन्स, इन्स्टन्स. 'सिस्ट', म्हणजे आपला तिष्ठ, दिसला की शेपटीला ई. पर्सिस्टंट, कन्सिस्टंट, इन्सिस्टंट, एक्झिस्टन्स, सब्सिस्टन्स. उच्चारात दोन्हींचा 'अं' सारखाच ऐकू येतो, म्हणून तर भले भले इथे घसरतात. अपवाद दोन घरचे : असिस्टंट आणि रेझिस्टंट. ते फ्रेंचांच्या हातून आले आणि ए घेऊन आले. वहीच्या पहिल्या पानावर हे दोन लाल शाईने लिहा. नातवालाही विचारून बघा, त्याला नियम ठाऊक नसेल अशी माझी पैज आहे.

असंच आणखी एक पान 'एक्स्टसी'साठी ठेवा. शेवट ए-एस-वाय, पण निम्मं जग तिथे सी घालतं. ग्रीकांचा 'स्टॅसिस' म्हणजे उभं असणं, त्यात एस आहे, म्हणून इथेही एस. ग्रीक 'एक्' म्हणजे बाहेर. स्वतःच्या बाहेर जाऊन उभं राहणं, आपण 'देहभान हरपणं' म्हणतो तेच. 'अपॉस्टसी', म्हणजे धर्मत्याग, त्याचीही शेपटी तीच.

'स्टेशनरी'ची तर जोडी आहे. एकात ए, त्याचा अर्थ जागच्या जागी उभं. दुसऱ्यात ई, त्याचा अर्थ वह्या-पेन्सिली. मुलांना वाटतं दोन वेगळे शब्द आहेत. मुळात एकच. मध्ययुगात युरोपात बहुतेक विक्रेते पाठीवर माल घेऊन फिरत, पण विद्यापीठांच्या आसपास पुस्तकं विकणारे एका जागी दुकान थाटून असत. म्हणून ते 'स्टेशनर', आणि त्यांचा माल तो स्टेशनरी. हातगाडीवाला आणि गाळेवाला, एवढाच फरक.

बरं, आता बोर्डाकडे येऊ, कारण तुम्हाला भाषाशास्त्राची पदवी नको, नातवाला हरवायचं आहे.

रॅकवर सात टाइल्स असतात आणि साती एका दमात लावल्या की ५० गुण वरकड मिळतात. म्हणून बोर्डावर खरी किंमत सात आणि आठ अक्षरी शब्दांना. सात तुमच्या, आठवं बोर्डावर आधीच पडलेलं. प्रत्येक घराण्यातून हे मधल्या उंचीचे शब्द वेचा. 'स्था'चे मीच देतो. सातचे : स्टेशन, स्टॅमिना, इन्स्टंट, डिस्टंट, एक्स्टसी, पर्सिस्ट, कन्सिस्ट, सब्सिस्ट. आठचे : डिस्टन्स, इन्स्टन्स, कॉन्स्टंट, ऑब्स्टॅकल, अपॉस्टेट, सॉल्स्टिस. या शेवटच्यात 'सोल' म्हणजे सूर्य, आपल्या सूर्याचाच नातलग, आणि त्याचं थबकणं. जूनच्या २१ तारखेच्या सुमारास तो उत्तरेच्या टोकाला थबकून दक्षिणायनाला वळतो ना, तो सॉल्स्टिस.

आठ अक्षरांना एवढा भाव का, ते बोर्डाच्या कडेकडे बघितलं की कळेल. कडेच्या ओळीत पहिलं, आठवं आणि पंधरावं घर लाल, म्हणजे ट्रिपल वर्ड. पहिल्या घरापासून आठ अक्षरी शब्द लावलात तर दोन लाल घरं एकदम झाकली जातात आणि शब्दाचे गुण तिप्पट गुणिले तिप्पट, म्हणजे नऊपट होतात. 'ऑब्स्टॅकल'चे स्वतःचे गुण जेमतेम १२. कडेला असा बसला तर नऊपट १०८, वर ५०, म्हणजे किमान १५८. साधा अडथळा आणि १५८ गुण! २००६ साली अमेरिकेत मायकेल क्रेस्टा यांनी 'क्विक्सॉट्री' या आठ अक्षरी शब्दाने एका खेळीत ३६५ गुण घेतले ते याच युक्तीने. अर्थात त्यांच्याकडे क्यू आणि एक्स होते. आपल्याकडे बहुधा तीन आय आणि एक व्ही असतो.

लांब शब्द लावायचा दुसरा मार्ग म्हणजे हप्त्याहप्त्याने. बोर्डावर कुणी 'स्टेट' लावला की पुढे ई जोडून 'इस्टेट'. बाई, वडिलोपार्जित इस्टेटही स्थावरच, धातूच्या नात्याने! पुढे 'इन' जोडून 'इन्स्टेट', त्याच्याही पुढे 'री' जोडून 'रीइन्स्टेट', मागे डी लावला की दहा अक्षरं झाली. उपसर्ग-प्रत्यय तुम्ही ३० वर्षं शिकवले असतील, ते इथे टाइल्सच्या रूपात पुढे येतात. मात्र एक सावधगिरी. या घराण्याला एस लागतो, आणि शंभर टाइल्सच्या पिशवीत एस फक्त चार. खेळ शोधणारे आल्फ्रेड बट्स यांनीच मुद्दाम कमी ठेवले, नाहीतर जो तो अनेकवचन करून गुण लाटत बसला असता. तेव्हा चार-सहा गुणांसाठी एस खर्चू नका. तो हुंडीसारखा सांभाळून ठेवा.

(पूर्ण १५ घरांचा शब्द हवाच असेल तर 'इन्स्टिट्यूशनली' बरोबर मावतो. 'कॉन्स्टिट्यूशनली' एका अक्षराने बाहेर जातो. मी आयुष्यात दोन्ही लावलेले नाहीत.)

फोनवरच्या पोळ्याच्या कोड्यात खेळ वेगळा. तिथे अक्षर कितीदाही वापरता येतं, मधलं अक्षर मात्र प्रत्येक शब्दात हवंच. लांबी तिथे खरोखर पैसे देते : चारपेक्षा जास्त अक्षरांच्या शब्दाला अक्षरागणिक गुण, आणि साती अक्षरं आली तर सात जास्तीचे. पण त्या प्रसिद्ध अमेरिकी दैनिकाच्या पोळ्यात एस सहसा नसतो, म्हणजे 'स्था'चं घराणं तिथे उपाशी. मग दुसरी घराणी बोलवा. समजा अक्षरं अशी पडली : ए, जी, आय, एन, ओ, आर, आणि मध्ये टी. पहिल्यांदा मला यात काही दिसेना. मग 'ज्ञा' आठवला. ग्रीक-लॅटिनमध्ये त्याचा भाऊ 'ग्नो'. ज्याला ज्ञान नाही तो अज्ञ, म्हणजे 'इग्नोरंट'. साती अक्षरं आली, १५ गुण. त्याचीच बहीण कोण असेल? 'नॅरेशन'! माहीत असणाऱ्याने न जाणणाऱ्याला सांगणं ते नॅरेशन, पुढचा जी काळाच्या ओघात गळाला एवढंच. त्यामागून 'नॅरेटर', 'नॅरेटिंग'. मग 'अग्नि' आला : 'इग्निशन', 'इग्नायटिंग'. मग 'रथ'. लॅटिन 'रोटा' म्हणजे चाक, म्हणून 'रोटेशन', आणि 'रोटेटिंग', ज्यात पुन्हा साती अक्षरं. ज्ञा, अग्नि आणि रथ एका पोळ्यात! त्या दिवशी चहा गार झाला माझा.

याच 'ज्ञा'मुळे आणखी एक फायदा. 'डायग्नोसिस'मध्ये जी ऐकू येतो, 'फिजिऑनमी'मध्ये, म्हणजे चेहऱ्यावरून स्वभाव ओळखण्याच्या विद्येत, ऐकू येत नाही, पण लिहायचा असतो. 'नो' म्हणजे जाणणे यातला मुका के हाही त्याच घरचा. आपणही ज्ञ लिहितो एक आणि म्हणतो 'द्न्य'. आपण इंग्रजीला हसायचं कारण नाही.

मुक्या अक्षरांवरून पायोरिया आठवला. दंतमंजनाच्या जाहिरातींनी हा शब्द आपल्या घराघरांत पोचवला. त्याच्या स्पेलिंगमध्ये दोन आर, मग एच. डायरियातही तेच, आणि त्याचं स्पेलिंग लिहिताना परीक्षेत किती मुलांनी हाय खाल्ली असेल देव जाणे. का बरं दोन आर? इथला धातू आपला 'स्रु', म्हणजे स्रवणं, ज्यातून स्राव आणि स्रोत आले. ग्रीकांनी सुरुवातीचा स टाकला आणि 'ऱ्हे' केलं. पण शब्दाच्या मध्ये आला की तो गेलेला स जागा सोडत नाही, आर होऊन बसतो. म्हणून दोन आर. आणि 'पायो' म्हणजे पू. आपल्या 'पू'चं संस्कृत 'पूय', तोच हा. पायोरिया म्हणजे पूयस्राव, दोन्ही तुकडे नात्यातले. अमेरिकेतल्या राष्ट्रीय स्पेलिंग बी स्पर्धेत १९९९ साली नूपुर लाला या भारतीय वंशाच्या मुलीने शेवटचा शब्द सोडवला तो 'लोगोरिया', म्हणजे शब्दांचा अतिसार. (अशी माणसं आपल्या सोसायटीच्या सभेत दिसतात.) त्या स्पर्धेत मुलं पंचांना विचारू शकतात की शब्द कोणत्या भाषेतून आला. ती मुलं अक्षरं आठवत बसत नाहीत, घराणं शोधतात.

सगळं घराण्यावर सोपवू नका मात्र. एस-टी-ए दिसलं की 'स्था' ओरडायची सवय लागते आणि ती गोत्यात आणते. 'सस्टेन'मध्ये ती अक्षरं आहेत, पण तिथे धातू 'धरून ठेवणं' असा वेगळाच. 'मस्टर्ड'चा संबंध द्राक्षाच्या रसाशी. आणि 'मिस्टेक' तर 'मिस' आणि 'टेक' यांची जोडी, एस एकाचा, टीए दुसऱ्याचा. मिस्टेकमध्येच मिस्टेक करायची ही जागा.

आणि धातूने शब्द कळतो, पण पिशवीतून टाइल्स धातूच्या क्रमाने निघत नाहीत. ए, ई, आय, एन, एस, टी, टी अशा विस्कटून आलेल्या टाइल्समध्ये 'इन्स्टेट' दिसायला डोळ्यांना वेगळी सवय लागते. त्याच सात टाइल्समध्ये 'सॅटिनेट' नावाचं एक कापडही लपलेलं आहे, ज्याचं 'स्था'शी काही नातं नाही. रक्ताचं नातं वेगळं, शेजार वेगळा. स्क्रॅबलला दोन्ही लागतात. रोज दुपारी एक सात अक्षरी शब्द घेऊन त्याच्या टाइल्स ताटात विस्कटा आणि पुन्हा जुळवा. तांदूळ निवडण्याइतकंच काम आहे.

तुमच्या मनात येईल की अर्थ न कळता नुसतं पाठ करून कुणी जिंकतच नाही का? जिंकतं. न्यूझीलंडचे नायजेल रिचर्ड्स २०१५ साली फ्रेंच स्क्रॅबलचे जगज्जेते झाले, फ्रेंच बोलता येत नसताना. काही आठवड्यांत त्यांनी फ्रेंच शब्दांची यादी डोक्यात भरली होती. २०२४ मध्ये हेच स्पॅनिशमध्येही करून दाखवलं. पण ते नायजेल रिचर्ड्स आहेत. मला किराण्याची यादी पाठ राहत नाही. तुमच्या-माझ्यासारख्यांना नात्याचा धागा लागतो.

तर वहीचं असं करा. जुनी पानं फाडू नका, मागून उघडा. एका पानावर एक धातू, मध्यभागी, देवनागरीत. डाव्या बाजूला आपले शब्द, उजव्या बाजूला इंग्रजी चुलत भावंडं. सात-आठ अक्षरीवाल्यांभोवती लाल गोल. खाली दोन ओळी अपवादांना आणि तोतयांना. पहिली पानं स्था, ज्ञा, जन, दंत, पद, नाम, युज् यांची करा. 'युज्'च्या पानावर 'सिझिजी' येईल, सूर्य, चंद्र, पृथ्वी एका रेषेत येण्याचा योग. त्यात तीन वाय आहेत आणि पिशवीत दोनच, तिसऱ्यासाठी कोणतंही अक्षर मानता येणारी कोरी टाइल लागते. आठवड्याला एक पान पुरे. पुस्तक विकत घेऊ नका; शब्दाची व्युत्पत्ती देणारा एखादा इंग्रजी शब्दकोश आणि तुमचं शाळेतलं व्याकरण एवढ्यावर सहा महिने जातील.

जावयांना मी काही कळवत नाही, घरचा मामला आहे. फक्त दिवाळीच्या सुट्टीत नातू येईल तेव्हा डाव त्यांच्यासमोर मांडा. बोर्डावर 'पर्सिस्ट' पडला आणि पुढे तीन घरं मोकळी दिसली, तर हातात ई, एन, टी असल्याशिवाय हलू नका. आणि तुम्ही तो लावल्यावर नातवाने चॅलेंज केलं, तर करू द्या.